पोलिश नामांच्या विभक्त्या: तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता ते प्रश्न

मी व्रोत्सवाफला राहते, आणि नोकरी किंवा शिक्षणासाठी पोलंडला आलेल्या मराठी लोकांचे पोलिशबद्दल मेसेज येतच असतात. साधारण तेच तेच प्रश्न असतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. पोलिश शब्द कानाला जसे ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिलेत. "त्स" म्हणजे आपल्या "चोर"मधला च, "झ" म्हणजे "झोप"मधला, आणि "झ्य" जरा जीभ मागे घेऊन दाबून म्हणायचा. शेवटचा "एं" बोलताना जवळजवळ नुसता "ए" होतो, त्यामुळे नाकात बोलायचा फार अट्टाहास करू नका.

१. सात विभक्त्या आहेत म्हणे! एवढ्या कशाला लागतात?

तुम्ही शाळेत प्रथमा ते संबोधन आठ घोकल्यात, मग सातांना काय घाबरायचं. म्यानोव्हनिक म्हणजे प्रथमा, ब्येर्निक द्वितीया, नाझ्येंद्निक तृतीया, त्सेलोव्हनिक चतुर्थी, दोपेउन्याच षष्ठी, म्येय्स्त्सोव्हनिक सप्तमी, व्होवाच संबोधन. पंचमी वेगळी नाही, ते काम षष्ठीच करते (प्रश्न ९). जुळणी शंभर टक्के नाहीये, पण सुरुवातीला पुरते. गंमत म्हणजे विभक्तीला पोलिशमध्ये "प्शिपादेक" म्हणतात आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ योगायोग. पहिले सहा महिने माझं बरोबर रूप यायचं ते योगायोगानेच.

२. मग "ला, ने, चा, त" सारखे प्रत्यय पाठ केले की झालं ना?

नाही, आणि इथेच बहुतेक जण अडकतात. मराठीत दोन पायऱ्या असतात, आधी सामान्यरूप (घोडा → घोड्या) आणि मग त्याला प्रत्यय किंवा शब्दयोगी (घोड्या-ला, घोड्या-वर). पोलिशमध्ये "वर, मध्ये, शिवाय" हे शब्द नामाच्या पुढे वेगळे उभे राहतात आणि नाम मागे सामान्यरूपात येतं. टेबल म्हणजे "स्तुव", टेबलावर म्हणजे "ना स्तोले". यातलं "स्तोले" हे स्तुवचं सामान्यरूप समजा. फरक एवढाच की आपल्याकडे एकवचनात एकच सामान्यरूप सगळीकडे चालतं, आणि त्यांच्याकडे चारपाच असतात, कुठल्या शब्दानंतर कुठलं ते ठरलेलं. हे डोक्यात बसलं की इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांतले ते भीतीदायक तक्ते एकदम ओळखीचे वाटायला लागतात.

३. लिंग कसं ओळखायचं?

मराठीपेक्षा कितीतरी सोपं आहे, शेवट बघायचा. "आ" असेल तर स्त्रीलिंगी (काव्हा, श्कोवा), व्यंजन असेल तर पुल्लिंगी (दोम, बिलेत), "ओ" किंवा "ए" असेल तर नपुंसक (म्यास्तो म्हणजे शहर). व्यंजनान्त पण स्त्रीलिंगी असे काही आहेत, नोत्स (रात्र), सुल (मीठ), आणि वूच हे शहर. "आ"कारान्त पुरुषांचं प्रकरण प्रश्न १५ मध्ये आहे.

४. एकच शब्द सगळ्या विभक्त्यांत चालवून दाखवाल का?

कॉफीच घेऊया, रोजची आहे. "तो येस्त काव्हा", ही कॉफी आहे, प्रथमा. काउंटरवर मागताना "पोप्रोशें काव्हें", द्वितीया. संपली असेल तर "न्ये मा काव्हि", षष्ठी. "झ काव्हों", कॉफीसोबत, तृतीया. "फ काव्ये" म्हणजे कॉफीत, माशी पडल्यावर उपयोगी, सप्तमी. चतुर्थीचं रूपही काव्येच, स्त्रीलिंगी एकवचनात चतुर्थी आणि सप्तमी नेहमी सारखी, तेवढंच पाठांतर वाचलं. संबोधन "काव्हो!", हे सोमवारी सकाळी सोडून कोणी वापरत नाही.

आणि हो, दूध घातलेली कॉफी "काव्हा झ म्लेक्येम" (दूध = म्लेको, तृतीया), पण बिनसाखरेचा चहा "हेर्बाता बेस त्सुक्रु" (साखर = त्सुक्येर, षष्ठी). म्हणजे मेन्यूकार्ड हेच एक छोटं व्याकरण आहे, तिथूनच शिका.

५. "नाही" म्हटलं की शब्द का बदलतो?

कारण "न्ये" आला की कर्माची द्वितीया जाऊन षष्ठी येते. "माम चास" म्हणजे माझ्याकडे वेळ आहे, "न्ये माम चासु" म्हणजे वेळ नाही. "एखादी गोष्ट नाहीये" हे सांगतानाही षष्ठीच.

पहिल्या हिवाळ्यात मी घराखालच्या बेकरीत जाऊन विचारलं, "न्ये मा ख्लेप?" (पाव नाहीये का?) काउंटरमागच्या आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ख्लेबा." मला वाटलं त्या वेगळ्या पावाचं नाव सांगतायत, मी म्हटलं हो, तोच द्या. त्या पुन्हा, जरा मोठ्याने, "न्ये मा ख्लेबा." मग कळलं, पाव खरंच संपला होता आणि आजी मला षष्ठी शिकवत होत्या. घरी रिकाम्या हाताने आले पण हे रूप जन्मात विसरणार नाही.

एक लक्षात ठेवा, बदल फक्त द्वितीयेच्या कर्माला होतो. "इंतेरेसुयें श्यें मुझिकों" (मला संगीतात रस आहे) यात संगीत तृतीयेत आहे, तिथे न्ये लावलं तरी मुझिकोंच राहतं.

६. दोन तिकिटं "बिलेति" आणि पाच तिकिटं "बिलेतुफ", हे काय गौडबंगाल आहे?

२, ३, ४ नंतर साधं अनेकवचन, ५ पासून पुढे अनेकवचनी षष्ठी, म्हणजे "पाच तिकिटांचे" असं काहीतरी. मोठ्या आकड्यांत शेवटचा अंक बघायचा, २२, २३, २४ ला बिलेति, २५ ला बिलेतुफ. पण १२, १३, १४ ला बिलेतुफ, आणि २१ ला पण बिलेतुफ, तिथे शेवटी एक आहे म्हणून फसू नका.

पैशांवर प्रॅक्टिस करा, रोज होते: एक झ्वोति, दोन झ्वोते, पाच झ्वोतिख. क्रियापदसुद्धा बदलतं बरं का, पाचपासून पुढे ते एकवचनी होतं, "प्येंच ओसुप चेका", शब्दशः "पाच माणसांचं थांबतंय".

स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी शब्दांची ही अनेकवचनी षष्ठी म्हणजे बहुतेकदा शेवटचा स्वर उडवायचा, काव्हा → काव्ह (उच्चारात काफ). बुउका (छोटा गोल पाव) चा स्वर उडवला तर "बुउक" म्हणता येईना, म्हणून मध्ये "ए" घुसतो, "प्येंच बुवेक". पुरुषांची मोजणी वेगळी चालते, दोन विद्यार्थी म्हणजे "द्वाय स्तुदेंचि" किंवा "द्वुख स्तुदेंतुफ", दुसरा पर्याय रोजच्या बोलण्यात जास्त ऐकू येतो. मुलांची मोजणी त्याहून वेगळी, प्रश्न १७.

७. "मला टेबल दिसतं" मध्ये टेबल तसंच, पण "कुत्रा दिसतो" मध्ये कुत्रा बदलतो. का?

अहो, हे आपण दिवसभर करतो! "मी पुस्तक पाहिलं" पण "मी मांजराला पाहिलं". निर्जीवाला ला नाही, सजीवाला ला. पोलिशमध्ये पुल्लिंगी एकवचनात हाच नियम आहे, "व्हिद्झें स्तुव" (टेबल, बदल नाही) पण "व्हिद्झें प्सा" (प्येस म्हणजे कुत्रा, सजीव म्हणून द्वितीयेला षष्ठीचं रूप).

अनेकवचनात मात्र कुत्र्यांचा मान जातो आणि तिथे फक्त पुरुष माणसं चालतात, "व्हिद्झें स्तुदेंतुफ" पण "व्हिद्झें प्सि". विद्यार्थिनी असतील तर त्याही प्सिच्या रांगेत, स्तुदेंत्कि. शंभर बायका आणि एक पुरुष असला तरी गट पुरुषी धरतात, यावर मला काय वाटतं ते इथे लिहीत नाही.

अपवाद मजेशीर आहेत. प्रेत म्हणजे "त्रुप", व्याकरणात सजीव! सिगरेट ओढतात ती "पाप्येरोसा", टेनिस खेळतात ते "फ तेनिसा", ईमेल पाठवतात तो "मेयला", सगळे सजीवासारखे चालतात. फळांचं तर लोकांचंच एकमत नाही, केळं खाताना "येम बानाना" सर्रास ऐकू येतं. अशा बाबतीत दुकानातली माणसं म्हणतात तसं म्हणा.

८. सप्तमीत अक्षरंच बदलतात, शब्द ओळखू येत नाही. काही लॉजिक आहे का?

आहे, आणि ते तुमच्या तोंडात आधीपासून आहे. मासा → माशाला, ससा → सशाला, पैसा → पैशाला. स चा श का झाला हे कोणी शिकवलं होतं का? पोलिशमध्ये क्लासा (वर्ग) → "फ क्लाशे", सेम टू सेम. मग बाकीच्या जोड्या: त चा च होतो (कोब्येता, बाई → कोब्येचे), द चा ज (सामोखुत, गाडी → सामोखोजे), र चा झ्य (रोव्हेर, सायकल → रोव्हेझ्ये), क चा त्स (रेंका, हात → रेंत्से), ग चा द्झ (नोगा, पाय → नोद्झे). वजनदार व चा ल होतो, श्कोवा → श्कोले. कधीकधी मधला स्वरही सरकतो, म्यास्तो → "व म्येश्चे" (शहरात), लास → "व लेशे" (जंगलात).

क, ग, ख ची गंमत फक्त स्त्रीलिंगी शब्दांत आहे. पुल्लिंगी आणि नपुंसक शब्दांना त्यांच्यानंतर सरळ "उ" लागतो, ग्दान्स्क → "व ग्दान्स्कु", म्लेको → "व म्लेकु".

स्वर गायब होण्याबद्दलही विचारता, प्येस → प्सा, ओय्चेत्स (वडील) → ओय्त्सा. मग उंदीर → उंदराला, कापूस → कापसाला यात काय होतं? तेच.

९. "झ" चा अर्थ "सोबत" की "पासून"?

दोन्ही, मागची विभक्ती सांगते. तृतीया असेल तर सोबत, षष्ठी असेल तर पासून. "स कोलेगों" मित्रासोबत, "स क्राकोव्हा" क्राकूफहून (क पुढे झ चा उच्चार स होतो, घाबरू नका). "ना" चंही असंच, जागा सांगायची तर सप्तमी, "ना स्तोले" टेबलावर आहे, हालचाल असेल तर द्वितीया, "ना स्तुव" टेबलावर ठेव. "दो" (कडे), "बेस" (शिवाय), "द्ला" (साठी), "ओद" (पासून) यांना डोळे मिटून षष्ठी. आणि सप्तमी एकटी कधीच येत नाही, तिच्यापुढे असा एखादा शब्द असतोच.

प्रवासाला मात्र काहीच लावायचं नाही, नुसती तृतीया. "यादें त्रामव्हायेम", ट्रामने जातेय. बसने, ट्रेनने, गाडीने, आपला "ने"!

१०. पुल्लिंगी षष्ठीत कधी "आ" कधी "उ", नियम काय?

खरं सांगू का, पूर्ण नियम नाही. सजीवांना "आ" (अगदी मोजके अपवाद), अवयव, मोजमापं, महिने यांना "आ", भाववाचक आणि ओतता-सांडता येणाऱ्या वस्तूंना बरेचदा "उ" (चास → चासु, साखर → त्सुक्रु). पण पाव ख्लेबा, चीज सेरा, कॉम्प्युटर कोंपुतेरा आणि फोन मात्र तेलेफोनु. पोलंडमधल्या गावांना बहुतेक "आ", परदेशी शहरांचं नशिबावर, बेर्लिना आणि पारिझ्या पण लोंदिनु आणि झ्यिमु (रोम). नवा शब्द शिकताना षष्ठीसकट शिका, दुसरा इलाज नाही.

११. चतुर्थी खरंच वापरतात का? पुस्तकात तर शेवटी टाकलीय.

पुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात म्हणून. मराठी माणसाला चतुर्थी घरच्यासारखी. "मला थंडी वाजते" = "येस्त मि झिम्नो". "मला झोप येतेय" = "ख्त्से मि श्यें स्पाच". "मला आवडलं" = "पोदोबा मि श्यें", म्हणजे आवडणारी वस्तू प्रथमेत आणि मी चतुर्थीत, अगदी "मला साडी आवडली" सारखं. माझ्या वर्गातला एक जर्मन आणि दोन तुर्की यावर आठवडाभर डोकं आपटत होते आणि मी पहिल्यांदाच खुर्चीत आरामात बसले होते.

नामांसाठी: आई (मामा) → "माम्ये येस्त झिम्नो". पुरुषांना बहुतेकदा "ओव्हि" लागतं, स्तुदेंतोव्हि. पण काही जुन्या, रोजच्या शब्दांना नुसता "उ": भाऊ ब्रातु, वडील ओय्त्सु, कुत्रा प्सु, मांजर कोतु, साहेब पानु. यादी छोटी आहे, पाठच करा.

१२. "मी इंजिनिअर आहे" मध्ये तृतीया कशी काय आली?

"येस्तेम" नंतर नाम आलं की तृतीया, "येस्तेम इंझ्यिन्येरेम", बाई असाल आणि भारतीय आहे सांगायचं असेल तर "येस्तेम हिंदुस्कों". मराठीत याला जोड नाही, सरळ पाठ करायचं. नुसतं विशेषण असेल तर प्रथमा ("दमलोय" = येस्तेम झ्मेंचोनि), आणि "तो येस्त..." म्हणजे "हे ... आहे" नंतरही प्रथमा. "हिंदुस" कॅपिटल अक्षराने लिहिलं तर भारतीय माणूस, स्मॉलने लिहिलं तर हिंदू धर्माचा. म्हणजे भारतातला ख्रिश्चनसुद्धा कॅपिटलवाला हिंदुस असतो, फॉर्म भरताना गोंधळू नका.

१३. गावांची नावं पण बदलतात का? आणि आपल्या गावांची?

बदलतात, आणि तिकीट काढताना हेच लागतं. "बिलेत दो क्राकोव्हा". व्रोत्सवाफ फसवं आहे, शेवटचं व्यंजन जुन्या काळापासून मऊ (म्हणजे य मिसळलेलं), म्हणून "दो व्ह्रोत्सवाव्या", "व्हे व्ह्रोत्सवाव्यु". कातोवित्से हे अनेकवचन आहे, "फ कातोव्हित्साख". झाकोपाने विशेषणासारखं चालतं, "दो झाकोपानेगो". आणि ब्यावीस्तोक म्हणजे कळस, त्यात "पांढरा" आणि जुना "ओढा" असे दोन शब्द चिकटलेत आणि दोन्ही वेगवेगळे चालतात, "दो ब्यावेगोस्तोकु", "व ब्यावीम्स्तोकु".

भारत पोलिशमध्ये अनेकवचनी, "इंदिए", भारतात म्हणजे "व इंदियाख". मुंबईचं जुनं नाव बोंबाय, तिकडे जायचं तर "दो बोंबायु". पुणे "ए"मध्ये संपतं, ते हलत नाही, "फ पुने". कोल्हापूर मात्र सिंगापूरसारखं चालतं, "फ कोल्हापुझ्ये". आणि कोल्हापूरची पोलिश सप्तमी ही काही नुसती कल्पना नाही बरं, कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ मध्ये पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. माझी आजी तिकडचीच, तिला मी हे रूप म्हणून दाखवलं तर म्हणाली, "गावाचं नाव तरी नीट घे गं."

१४. माझं नाव आणि आडनाव कागदपत्रांवर वेगळंच दिसतं. चूक आहे का?

बहुतेकदा नाही. पुरुषाचं नाव व्यंजनान्त असेल तर चालतंच, अमित → अमिता, अमितेम, आणि सप्तमीत "ओ अमिचे". सुनिता → "ओ सुनिचे", वाचून दचकू नका, सुनेचा काही संबंध नाही. स्वाती आणि तिच्यासारखी "ई"कारान्त बायकांची नावं हलत नाहीत.

आडनावात बायकांना सूट आहे. "पाटिल साहेबांसोबत" = "स पानेम पाटिलेम" पण "पाटिल बाईंसोबत" = "स पान्यों पाटिल". पुरुष कुलकर्णी गांधींसारखे चालतात, गांधी → गांदिएगो तसं कुलकर्णिएगो, आणि देशपांडेचं देशपांडेगो. म्हणून नवराबायकोच्या पत्रांवर एकच आडनाव दोन तऱ्हेने दिसतं. पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख जुळतेय ना तेवढं बघा. फक्त एक, फॉर्मवर स्वतः लिहिताना कायम प्रथमा.

रस्त्यांचंही हेच, ताडेउश कोश्च्युश्को याच्या नावाचा रस्ता म्हणजे "उलित्सा कोश्च्युश्कि", कोश्च्युश्कोचा रस्ता. तारखेत महिना पण षष्ठीत, ३ मे (१७९१ च्या राज्यघटनेचा दिवस) म्हणजे "त्शेचेगो माया".

१५. कोलेगा (मित्र) पुरुष आहे तर स्त्रीसारखा का चालतो?

"आ"कारान्त आहे म्हणून, एवढंच. एकवचनात कोलेगा, कोलेगि, कोलेद्झे, कोलेगें, सगळं स्त्रीलिंगी थाट. पण सोबतचं विशेषण पुल्लिंगीच, आणि अनेकवचनात तो पुन्हा पुरुष होतो, कोलेद्झि, कोलेगुफ. तसेच ताता (बाबा), क्येरोव्त्सा (ड्रायव्हर), आर्तिस्ता. मुझेउम हा तर एकवचनात ढिम्म हलत नाही पण अनेकवचनात मुझेआ, मुझेउफ. काकाओ, मेनु, कीवी कधीच हलत नाहीत, देव त्यांचं भलं करो.

१६. संबोधन आता कोणी वापरत नाही ना?

वापरतात. मामो! तातो! बाप्च्यु! (आजी) हे घराघरात. डॉक्टर किंवा प्रोफेसरांना "पान्ये दोक्तोझ्ये", "पान्ये प्रोफेसोझ्ये" म्हणाल नाहीतर उद्धट वाटेल. मित्रांना मात्र नुसत्या नावाने हाक मारली तरी चालतं, "मारेक!". पण त्याच मारेकला "पान" (साहेब) लावलात तर "पान्ये मार्कु" व्हायलाच हवं, अर्धं अर्धं चालत नाही.

१७. दोन मुलं म्हणजे "द्वा जेचि" का नाही?

कारण मुलांना खास आकडे आहेत: द्वोये, त्रोये, च्वोरो, प्येंच्योरो, आणि पुढे अनेकवचनी षष्ठी. "माम द्वोये जेचि." हेच आकडे स्त्रीपुरुष मिसळलेल्या गटाला आणि काही कायम अनेकवचनी शब्दांना लागतात, जसं दार (द्झ्यव्हि), "द्वोये द्झ्यव्हि" म्हणजे दोन दारं. एक मूल जेत्स्को, अनेक जेचि. तसंच माणूस च्वोव्येक, माणसं लुजे, आणि वर्ष रोक, पण दोन वर्षं "द्वा लाता" आणि पाच वर्षं "प्येंच लात". मुलांचं वय शाळेत सांगताना हे सगळं एका वाक्यात येतं, मी तर पहिल्या वेळी आकडे बोटांवर दाखवून मोकळी झाले होते.